पाहिले कोणी, ऐकले कोणी : सुरतेच्या एका तळटिपेविषयी

मंडळाच्या अभ्यासवर्गासाठी येणारे निबंध गेली काही वर्षे मी वाचतो आहे. विषय नाना तऱ्हेचे असतात, पण सुरतेत राहून मराठीत लिहिणाऱ्यांचा एक विषय ठरलेला : शिवाजी महाराज आणि सुरत. ते साहजिकच आहे. लिंबायत किंवा उधन्याला वाढलेला, घरी अहिराणी किंवा मराठी बोलणारा मुलगा कॉलेजात आला, की केव्हा ना केव्हा शेजारी बसलेला मित्र त्याला विचारतोच, "तुमच्या महाराजांनी आमची सुरत लुटली होती ना?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण आपला मुलगा एक तर गप्प बसतो, नाही तर मोबाईलवर आलेला एखादा मजकूर वाचून दाखवतो. २०२४ साली महाराष्ट्राच्या राजकारणात 'लूट' हा शब्दच बरोबर की चूक, यावर मोठा वाद झाला, तेव्हाही दोन्ही बाजूंनी असेच मजकूर फिरत होते. कुणी म्हणे इंग्रजांनी असं लिहिलंय, कुणी म्हणे तसं. कोणत्या इंग्रजाने, कधी, कुठे बसून, हे कोणी सांगत नव्हतं.

म्हणून संदर्भ देणे हा विषय मी या अंकासाठी घेतला आहे. पण तो 'स्वल्पविराम कुठे द्यायचा' या बाजूने घेणार नाही. ते काम आता संगणक करतो, आणि कसे करतो ते पुढे सांगतोच. आधी एक वाक्य घेऊ या. थोड्याफार फरकाने ते मला अनेक निबंधांत भेटले आहे :

'त्या वेळी सुरतेत असलेल्या एका इंग्रज पाद्र्याने महाराजांना प्रत्यक्ष पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे.'

खाली तळटीप. तिच्यात कधी एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता, कधी नुसते 'इंग्रजी साधने', तर कधी काहीच नाही.

वाक्य अगदीच हवेतले नाही. पाद्री खरा आहे. इंग्रज वखारीचा धर्मगुरू जॉन एस्कॅलियट याने २६ जानेवारी १६६४ रोजी सुरतेहून नॉर्विचच्या सर थॉमस ब्राउन यांना पत्र लिहिले, म्हणजे हल्ला होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. पत्रात महाराजांच्या बांध्याचे, नजरेचे, वर्णाचे वर्णन आहे, आणि ते फार वाचनीय आहे. पण एस्कॅलियट वर्णनाच्या सुरुवातीलाच सांगून टाकतो, की ज्यांनी त्यांना पाहिले आहे त्यांच्या सांगण्यावरून तो हे लिहितो आहे. स्वतः पाहिल्याचा दावा तो करत नाही. तो वखारीच्या भिंतीआड होता, महाराजांचा तळ शहराबाहेर बऱ्हाणपूर दरवाजाजवळच्या बागेत होता. 'प्रत्यक्ष पाहून' हे शब्द त्याचे नाहीत, ते आपल्या वाटेत कुणीतरी घातले.

आता गंमत पाहा. त्याच पत्रात शहराला लागलेल्या आगीचे आणि धुराचे वर्णन आहे. ते मात्र तो डोळ्यांनी पाहत होता. म्हणजे एकच पत्र, एकच लेखक, एकच तारीख, आणि तरी आगीपुरता तो साक्षीदार आहे, महाराजांच्या चेहऱ्यापुरता तो ऐकीव बातमी सांगणारा. निबंधात तुम्ही त्याच्याकडून काय घेताय, त्यावर त्याची साक्ष किती वजनाची हे ठरतं. तळटिपेत नुसते 'एस्कॅलियट' लिहून हा फरक दिसत नाही. तो वाक्यातच दाखवावा लागतो.

मग घोटाळा कुठे झाला? पत्र हस्तलिखित. ते पुढे छापले गेले. छापील पत्रातला उतारा इंग्रजी इतिहासग्रंथांत गेला, तिथून मराठी चरित्रांत, चरित्रांतून वृत्तपत्री लेखांत, लेखांतून संकेतस्थळावर, आणि संकेतस्थळावरून आपल्या विद्यार्थ्याच्या वहीत. प्रत्येक वळणावर कुणीतरी वाक्य जरा आटोपशीर केले. 'ज्यांनी पाहिले ते सांगतात' हे सहा-सात शब्द कुठल्या वळणावर गळाले, हे शोधायला गेलात तर एक चांगला निबंध त्यावरच होईल. कुणी खोटेपणा केला असेल असे मी म्हणत नाही. पण प्रत्येकाने आपल्या हातातले पुस्तक सोडून थेट पाद्र्याचे नाव लिहिले, म्हणून हे गळणे कुणाला दिसले नाही.

माझे सांगणे एवढेच आहे : तुम्ही जे पुस्तक हातात घेतले, त्याचाच संदर्भ द्या, आणि त्या पुस्तकाने ते कुठून घेतले तेही लिहा. 'एस्कॅलियटचे ब्राउन यांना पत्र, जदुनाथ सरकार यांच्या अमुक ग्रंथातून उद्धृत, पृष्ठ अमुक.' इंग्रजी पद्धतींत यासाठी ठरीव शब्द आहेत, मराठीत 'मधून उद्धृत' पुरेसे आहे. कित्येकांना असे लिहायला कमीपणा वाटतो, आपण मूळ साधन पाहिले नाही हे उघडे पडते म्हणून. पडू दे की! तुमच्या वयात ब्रिटिश लायब्ररीत जाऊन हस्तलिखित पाहावे अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही. सरकारांचा ग्रंथ नीट वाचला, एवढे सिद्ध झाले तरी पुष्कळ.

आणि सरकारांचा ग्रंथ म्हणताना आवृत्ती लिहायला विसरू नका. 'शिवाजी अँड हिज टाइम्स' १९१९ साली निघाला, आणि नंतरच्या आवृत्त्यांत सरकारांनी स्वतः बदल केले. पृष्ठक्रमांक सरकले, काही ठिकाणी मजकूरही. आवृत्तीशिवाय पृष्ठ म्हणजे गल्लीशिवाय घरनंबर.

दुसरे उदाहरण आपल्या कॉलेजातल्या मुलांना विशेष आवडते. शहर लुटले जात असताना कॅप्युचिन पंथाचे फादर ॲम्ब्रोझ यांच्या निवासाला महाराजांनी हात लावू दिला नाही. हे सांगतो फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए. त्याचबरोबर डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही वाचले, कारण तो हयातीत मोठा दानशूर होता, असेही तो लिहितो. दुसरा अर्धा भाग निबंधांत फारसा येत नाही. ज्याला जो अर्धा सोयीचा तो तो उचलतो. पण मला इथे वेगळे सांगायचे आहे. बर्निए त्या दिवसांत सुरतेत नव्हता. तो उत्तरेत मोगल दरबारातल्या दानिशमंदखानाच्या पदरी होता. त्याचे प्रवासवर्णन फ्रान्समध्ये १६७० पासून छापले जाऊ लागले. म्हणून त्याची हकिकत टाकून द्यायची का? मुळीच नाही. सुरतेला येणेजाणे असणाऱ्या युरोपीय माणसांत ही गोष्ट काही वर्षांतच सांगितली जात होती, एवढे तरी ती नक्की सांगते. निबंधात 'बर्निए लिहितो' असे म्हणा, 'असे घडले' असे म्हणू नका. दोन शब्दांचा फरक आहे, पण समोरचा गुजराती मित्र उलटतपासणीला बसला तर त्या दोन शब्दांवर तुम्ही टिकाल.

मराठी साधनांनाही हाच न्याय. सभासदाची बखर १६९० च्या दशकात जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. म्हणजे सुरतेच्या पहिल्या लुटीनंतर सुमारे तीस वर्षांनी, शेकडो कोस दूर. कृष्णाजी अनंत सभासद दरबारातला जाणता माणूस, त्याचे मोल मोठे. पण तारखा आणि आकडे त्याच्याकडून घेताना हे तीस वर्षांचे अंतर वाचकाला कळू द्या.

'शिवकालीन पत्रसारसंग्रह' तर याहून फसवा आहे. दोष त्या थोर ग्रंथाचा नाही, आपल्या घाईचा. न. चिं. केळकर आणि द. वि. आपटे यांनी संपादित केलेला हा संग्रह १९३० साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने काढला. नावातच 'सार' आहे. इंग्रजी, फारसी, मराठी पत्रांचा मथितार्थ त्यात मराठीत दिला आहे. आपले विद्यार्थी तो मजकूर अवतरणचिन्हांत घालून 'इंग्रज वखारवाले म्हणतात' असे लिहितात. अवतरणचिन्हांतले शब्द वखारवाल्यांचे नसतात, संपादकांचे असतात. त्याच कार्यालयाने पुढच्या वर्षी, १९३१ मध्ये, 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' प्रसिद्ध केले. त्यात पत्रे इंग्रजीतच आहेत. शिवाय विल्यम फॉस्टर यांच्या 'द इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया' मालेतला १६६१ ते १६६४ चा खंड आहे. शब्दशः उद्धरण हवे असेल तर तिकडे जा. अर्थ हवा असेल तर सारसंग्रह घ्या, पण अवतरणचिन्हे काढा.

तारखेचा गुंता सुरतेच्या बाबतीत विशेषच आहे, तिथे जरा थांबू या.

महाराज सुरतेपाशी आले तो दिवस इंग्रजांच्या कागदांत ६ जानेवारी, बुधवार. पण इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. म्हणून त्यांच्या हिशेबाने तो जानेवारी १६६३ मधला. छापील ग्रंथांत त्यामुळे '१६६३/६४' असे दुहेरी वर्ष दिसते. कुणी पहिला आकडा उचलतो आणि लूट एक वर्ष आधी होते! त्यातून इंग्रज जुनी पंचांगपद्धती पाळत, हॉलंडवाले नवी. दोघांच्या वखारी याच शहरात. त्याच दिवसाला डच १६ जानेवारी म्हणणार. वार मात्र दोघांचाही बुधवारच. दहा दिवसांचा फरक दिसला की आधी वार ताडून पाहा, बहुतेक वेळा भांडण तिथेच मिटतं. शकाचे म्हणाल तर हा शके १५८५ चा पौष-माघ. चैत्रापासून डिसेंबरअखेर शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. आणि इथल्या जुन्या गुजराती पुस्तकांत विक्रम संवत असतो, तो कार्तिकात बदलतो, म्हणून दिवाळीनंतर डिसेंबरअखेर ५७ वजा करायचे, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. मूळ कागदावरची तारीख जशीच्या तशी नोंदवा आणि शेजारी आपली रूपांतरित तारीख लिहा. नुसती रूपांतरित लिहिलीत तर तुमची बेरीज कुणाला तपासता येणार नाही.

एवढे सगळे वहीत सांभाळणे अवघड आहे, हे मान्य. इथेच संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअरे कामाला येतात. एंडनोट विकत घ्यावे लागते. मेंडेली फुकट मिळते, पण २०१३ पासून ते एका मोठ्या प्रकाशन कंपनीच्या मालकीचे आहे. मी झोटेरो वापरतो आणि तेच सुचवतो. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली ते सुरू झाले, फुकट आहे, आणि त्याची संगणकीय संहिता सर्वांना खुली आहे. ते सुरू झाले तेच इतिहासाच्या अभ्यासकेंद्रात, त्यामुळे पत्र, हस्तलिखित, मुलाखत, नकाशा अशा नोंदींना त्यात वेगवेगळे प्रकार आहेत.

पहिला फायदा अगदी घरगुती आहे. मराठी प्रबंधांत 'तत्रैव' आणि 'उ. नि.' लिहायची रीत आहे. तत्रैव म्हणजे वरच्याच तळटिपेतले पुस्तक. आता मार्गदर्शकांनी सांगितले की मध्ये एक परिच्छेद घाला. घातलात, त्यात एक नवी तळटीप आली, आणि खालचे 'तत्रैव' आता भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागले. हाताने केलेल्या प्रबंधांत मी असे कितीतरी पाहिले आहे. झोटेरोतून तळटीप घातली असेल तर मध्ये काहीही घाला किंवा काढा, ते सगळ्या टिपा नव्याने जुळवते. पद्धती बदलायची झाली, शिकागोऐवजी एमएलए किंवा एपीए, तरी एका ठिकाणी निवड बदलली की झाले. फक्त मधले ठरीव शब्द बहुतेक इंग्रजीत येतात. मराठी निबंधात ते शेवटी हाताने बदलावे लागतात, आणि त्यासाठी फाईलची वेगळी प्रत करून तिच्यातले झोटेरोचे दुवे तोडायचे. मूळ प्रतीला हात लावायचा नाही.

ब्राउझरमधले बटण दाबले की पुस्तकाची नोंद आपोआप येते, आयएसबीएन टाकला तरी येते. इंग्रजी पुस्तकांना हे छान चालते. मराठी पुस्तकाचे नाव मात्र पुष्कळदा रोमन लिपीत येते, लेखकाचे नाव उलटसुलट येते, आणि जुन्या पुस्तकांना आयएसबीएनच नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून किंवा इंटरनेट अर्काइव्हवरून उतरवलेली पीडीएफ असेल तर शीर्षकपृष्ठ उघडा आणि पाच मिनिटे घालवून नोंद हाताने भरा. पृष्ठांक घेताना कागदावर छापलेला घ्या, पडद्यावर दिसणारा नको. प्रस्तावनेची पाने वेगळी मोजलेली असतात, त्यामुळे दोन्हींत वीस-तीसचा फरक सहज पडतो.

नावांचे दुखणे वेगळेच. झोटेरो आडनाव आणि नाव असे दोन रकाने मागते. कुसुमाग्रज, केशवसुत किंवा आपल्या सुरतेचा नर्मद यांना दोन रकाने कुठले? नावाशेजारचे छोटे बटण दाबले की एकच रकाना होतो, टोपणनावांसाठी तो वापरा. पण दादोबा पांडुरंगांचे काय करायचे? मराठीचे हे व्याकरणकार सुरतेत होते, आणि १८४४ साली इथे मानवधर्म सभा स्थापन झाली तेव्हा दुर्गाराम मेहताजींच्या बरोबर तेही होते. 'पांडुरंग' हे त्यांच्या वडिलांचे नाव, घराण्याचे नाव तर्खडकर. झोटेरोला विचार न करता दिलेत तर ते 'पांडुरंग, दादोबा' अशी नोंद करील, आणि तिथेच त्यांचे भाऊ आत्माराम पांडुरंग व भास्कर पांडुरंगही येऊन बसतील, तिघेही वडिलांच्या नावाखाली. मी 'तर्खडकर, दादोबा पांडुरंग' असे करतो. तुम्ही दुसरे काही ठरवलेत तरी हरकत नाही, पण संपूर्ण निबंधात एकच ठेवा. आणि त्यांचे आत्मचरित्र वापराल तर ते अ. का. प्रियोळकरांनी संपादित करून १९४७ साली छापले, हे संपादकाच्या रकान्यात गेलेच पाहिजे. दादोबा १८८२ साली वारले. त्यांच्या नावापुढे नुसते १९४७ पाहिले तर वाचक बिचकेल.

आता मूळ मुद्द्याकडे. साखळी झोटेरोत कशी दाखवायची? एस्कॅलियटच्या पत्राची 'पत्र' या प्रकाराखाली वेगळी नोंद करा : लेखक, ज्याला लिहिले तो, तारीख. तुम्ही वाचलेल्या ग्रंथाची दुसरी नोंद करा. मग 'संबंधित' या सोयीने दोन्ही एकमेकींना जोडा. तळटीप घालताना ग्रंथाची नोंद निवडा, पृष्ठांक द्या, आणि आधीच्या मोकळ्या जागेत 'एस्कॅलियटचे पत्र, मधून उद्धृत' असे लिहा. याशिवाय मी प्रत्येक नोंदीला खुणेचे शब्द जोडतो : 'पाहिले', 'ऐकले', 'सार', 'अनुवाद'. एस्कॅलियटच्या नोंदीला 'पाहिले' आणि 'ऐकले' या दोन्ही खुणा आहेत, आणि कशासाठी कोणती हे खालच्या टिपणात लिहिले आहे. बर्निएला 'ऐकले' आणि 'अनुवाद', कारण मी तो कॉन्स्टेबल यांच्या १८९१ च्या इंग्रजी आवृत्तीतून वाचला. या खुणा छापील निबंधात कुठेच दिसत नाहीत. लिहिताना त्या समोर असल्या की 'प्रत्यक्ष पाहून' असे शब्द लेखणीतून सहज उतरत नाहीत.

सॉफ्टवेअर हे ठरवून देणार नाही. चुकीची नोंद भरलीत तर ते तीच चूक सुबक तिरप्या अक्षरांत छापून देईल. एआयला संदर्भ मागणाऱ्यांची गत तर याहून वाईट : लेखक खरा, प्रकाशक खरा, वर्ष पटण्याजोगे, आणि असे पुस्तक जगात नाही. ग्रंथालयाच्या यादीत सापडेपर्यंत अशी नोंद झोटेरोत घेऊच नका. साहित्यचोरी तपासणारी यंत्रणाही याबाबतीत आंधळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढे पायऱ्या आहेत, आणि साठ टक्क्यांच्या वर प्रबंधाची नोंदणीच रद्द होते. पण न पाहिलेल्या पत्राचा 'पाहिला' म्हणून दिलेला संदर्भ त्या टक्केवारीत शून्य भरतो.

तर त्या पहिल्या वाक्याची मी सुचवलेली दुरुस्ती अशी : 'इंग्रज वखारीचा धर्मगुरू एस्कॅलियट याने लुटीनंतर तीन आठवड्यांच्या आत लिहिलेल्या पत्रात, महाराजांना पाहिलेल्या लोकांच्या सांगण्यावरून, त्यांचे वर्णन दिले आहे.' वाक्य लांबले, थोडे थंडही झाले. तळटीप दोन ओळींची झाली. मित्राने "हे तुला कुठे मिळालं?" असे विचारले तर तीच त्याच्यापुढे ठेवायची, आणि घोडदोड रोडच्या नर्मद ग्रंथालयात दोघांनी मिळून ते पुस्तक शोधायला जायचे. त्यालाही पानावर आपल्या शहराबद्दल काय लिहिले आहे ते वाचायचे असेलच.

पुढच्या वर्गाला लॅपटॉप नसला तरी चालेल. प्रत्येकाने आपल्या निबंधातली एक तळटीप आणि तिच्यात नाव असलेले पुस्तक, दोन्ही घेऊन या.